पाहुण्यांसाठी

३७ वर्षं मी सरकारी लेखा विभागात काढली. एवढ्या काळात माझ्या गोपनीय अहवालावर साहेबांनी बहुतेक वेळा 'ब+' असा शेरा मारला. एकदाच 'अ' मिळाला, पण त्या वर्षी साहेबांच्या मुलीचं लग्न होतं आणि मांडववाल्याचं बिल मी तपासून दिलं होतं. तेव्हा आपली किंमत किती, याबद्दल माझ्या मनात कधी गोंधळ नव्हता. ब प्लस. वेळेवर येणारा, डबा स्वतः धुणारा, सेंड-ऑफच्या भाषणात 'मितभाषी' म्हणून आटोपला जाणारा.

अशा माणसाला वयाच्या ६३व्या वर्षी एके दिवशी कळलं, की तो साक्षात ब्रह्म आहे.

कळलं ते सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, गुरुवारी संध्याकाळी, झुंबाची बॅच सुटल्यावर. आमच्याच इमारतीतले एक निवृत्त संस्कृतचे सर तिथे उपनिषदं शिकवतात. फी नाही, फक्त बसायला आपापलं आसन आणायचं. त्या दिवशी छांदोग्य चालू होतं. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरूकडे गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून ताठ मानेने घरी आला. त्याची ती मान बघून वडिलांनी, म्हणजे उद्दालकाने, त्याला वडाचं फळ आणायला सांगितलं. फोड म्हणाले. आत काय? बारीक बिया. त्यातली एक फोड. आता काय दिसतं? काहीच नाही. त्या 'काहीच नाही'तून हा एवढा वड उभा राहिला आणि तेच तू आहेस, असं वडिलांनी सांगितलं. मग पाण्यात मीठ विरघळवून सांगितलं. अशी वेगवेगळी उदाहरणं देत एकूण नऊ वेळा.

माझे वडीलही मी कोण आहे हे मला नऊपेक्षा जास्त वेळा सांगत. फक्त त्यांचं महावाक्य एका शब्दाचं होतं आणि तो शब्द चार पायांचा होता.

"ब्रह्म पुस्तकात ठेवू नका," सर म्हणाले. "आठवडाभर एक करा. कुठलीही बारीकसारीक गोष्ट ठरवताना स्वतःला विचारा, हे ठरवणारा कोण आहे?"

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "फळ आण म्हटल्यावर मुलगा एका हाकेत गेला?"

"हो."

"मग नक्कीच पुराणकाळातली गोष्ट."

सोमवारी भाजी आणायला गेलो. मेथीची जुडी तीस रुपये. एरवी मी 'वीसला दे' म्हणतो, भाजीवाली 'परवडत नाही काका' म्हणते, मी दोन पावलं पुढे जातो, ती 'या, पंचवीस द्या' म्हणते. हा संवाद आम्हाला इतका पाठ आहे, की एखाद्या दिवशी तीच 'वीसला हवी असेल' म्हणून माझं वाक्य उरकून टाकते. त्या दिवशी मी मनाशी विचारलं, जे अनादि आहे, अनंत आहे, ते पाच रुपयांसाठी दोन पावलं पुढे जाईल का? आणि जाईल तर कुठे? ते तर आधीच सगळीकडे आहे. मी शांतपणे तीस रुपये पुढे केले. तिने नोटा उजेडाकडे धरून पाहिल्या, मग मला पाहिलं.

"काका, तब्येत बरी आहे ना?"

घरी बायकोने पिशवी उपडी केली. "कढीपत्ता?"

"मागितला नाही. आपण कोण आहोत हे एकदा कळल्यावर फुकट काही मागणं बरं दिसत नाही."

"तुम्ही कोण आहात ते मला ३५ वर्षं ठाऊक आहे. आमटीला कढीपत्ता लागतो."

बुधवारी डेअरीवर रांगेत होतो. नातवाला आम्रखंड कबूल केलं होतं. माझ्यापुढे एक तरुण बिनदिक्कत घुसला. 'ओ, रांग दिसत नाही का?' हे वाक्य माझ्या जिभेवर जन्मापासून तयार असतं, पुण्यात ते लसीबरोबरच देत असावेत. पण मी थांबलो. ज्याला आपलं मोल ठाऊक आहे, त्याला रांगेतल्या जागेचं काय? शिवाय सर्वत्र तेच असेल तर हा घुसणाराही तेच. म्हणजे मीच माझ्यापुढे घुसलो होतो. हा विचार मला फार उंच वाटला. तो पूर्ण होईपर्यंत माझ्यापुढचा मी शेवटचा अर्धा किलोचा डबा घेऊन गेला आणि मागच्या मला नातवाला तोंड द्यावं लागलं.

बायकोचं म्हणणं, ब्रह्म असायला तिची हरकत नाही, पण घरात त्याचा उपयोग दिसला पाहिजे. "जनाबाईचं जातं ओढायला देव स्वतः आला होता म्हणतात. तुम्ही निदान मिक्सरचं झाकण धरा."

मी झाकण धरलं. चटणी झाली. पण मनातून मी खट्टू होतो. आपलं दिव्यत्व असं मेथी, आम्रखंड आणि मिक्सर यांच्यापुढे टिकत नाही, हे काही खरं नव्हे.

शुक्रवारी सकाळी चहा पिताना ओठाला कपाचा टवका लागला.

हा कप साबणाच्या पावडरीवर फुकट आला होता. त्याच्यावर लाल अक्षरांत 'गुड मॉर्निंग' होतं. घासून घासून 'मॉर्निंग' गेलं, 'गुड' उरलं. बारा वर्षांपूर्वी नळाला आपटून त्याच्या काठाचा टवका उडाला, तोही नेमका अशा जागी, की कान उजव्या हातात धरला तर टवका ओठाशी येतो. म्हणून मी, अस्सल उजव्या हाताचा माणूस, बारा वर्षं चहा डाव्या हाताने पितो. त्या दिवशी चुकून उजव्या हातात घेतला, एवढंच. समोर बायको तिचा चहा पीत होती. तिच्या कपाला कानच नाही. ती तो पदराने धरते आणि ओठाशी नेण्याआधी दोनदा टेकवते.

आणि आमच्या दोघांच्या मधोमध, समोरच्या भिंतीवर, काचेच्या शोकेसमध्ये बोनचायनाचा सेट होता. सहा कप, सहा बश्या, सोनेरी काठ, निळी फुलं. १९८९ साली लग्नात माझ्या मामाने दिलेला.

"हे ठरवणारा कोण आहे?" मी मोठ्याने म्हणालो.

"काय ठरवणारा?"

"की ते कप तिकडे आणि हे कप इकडे."

"ते पाहुण्यांसाठी आहेत," बायको म्हणाली. वडाच्या बीत काय आहे हे जितक्या सहज सांगावं, तितक्या सहज.

माझ्यातला लेखापाल जागा झाला. सरकारी कचेरीत डेडस्टॉक रजिस्टर असतं, शासकीय मराठीत 'जडवस्तू संग्रह नोंदवही'. खुर्ची, कपाट, पंखा, जे जे म्हणून टिकाऊ, ते त्यात चढतं. मी एक जुनी वही घेतली, रकाने आखले आणि घरातल्या 'पाहुण्यांसाठी' असलेल्या वस्तूंची नोंद करायला बसलो.

अनुक्रमांक एक, चहाचा सेट. ३५ वर्षांत वापर तीन वेळा. पहिल्यांदा साहेब घरी आले तेव्हा. त्यांना पित्ताचा त्रास, त्यांनी कोमट पाणी मागितलं. दुसऱ्यांदा मुलीला बघायला आले तेव्हा. त्या मंडळींनी 'उन्हाचे दिवस आहेत' म्हणून सरबत घेतलं आणि नंतर नकारही कळवला. तिसऱ्यांदा अमेरिकेतला पुतण्या आला तेव्हा. तो स्वतःची बाटली घेऊन आला होता आणि तिच्यात काकडीच्या चकत्या होत्या. याखेरीज दर दिवाळीला सगळे कप साबणाने धुऊन, पुसून पुन्हा आत. म्हणजे आजवर त्या कपांनी साबण भरपूर चाखला, चहा एकदाही नाही.

अनुक्रमांक दोन, सोलापुरी चादरी दोन, घडी न मोडलेल्या. (आम्ही पांघरतो त्या चादरींतून पंखा फिरताना दिसतो.) तीन, टॉवेल, किमतीच्या चिठ्ठीसकट. चार, चंदनाचा साबण, वास उडालेला. पाच, काजू पाव किलो. यांना शेवटी पाहुणे लाभले, पण ते सहा पायांचे. सहा, बायकोची पैठणी, भाच्याच्या लग्नात नेसण्यासाठी राखलेली. भाच्याने नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तेही मंगळवारी सकाळी दहाला.

वहीचं दीड पान भरलं. चांगलं ते सगळं कोणा एका येणाऱ्याच्या नावावर होतं आणि आम्ही दोघं त्या मालाचे वॉचमन होतो.

आता वॉचमनही कधीमधी साहेबांच्या खुर्चीत बसून बघतो. आम्ही तेही केलं नव्हतं, कारण आम्हाला एक मंत्र दिलेला आहे. 'मला चालेल.' मोडकी पोळी? मला चालेल. पंख्यापासून लांबची जागा? मला चालेल. आईला दुधाच्या पातेल्यातली खरवड आवडते, असं आम्ही भावंडं वर्षानुवर्षं समजत होतो. पातेलं मोठ्या भक्तीने तिच्यापुढे सरकवायचो. ती म्हातारपणी माझ्याकडे राहायला आली तेव्हा बायकोने तिला साय घातलेलं दूध दिलं. आई पेला हातात धरून बराच वेळ बसली, आणि म्हणाली, "खरवड फार कडू लागते गं."

आंब्यांचंच बघा. पेटी उघडली की आई आधी डागी आंबे बाजूला काढायची, ते संपवू, चांगले राहू देत म्हणून. आम्ही आजही तेच करतो. दोन दिवसांत चांगल्यांपैकी चार डागी होतात, मग ते आधी. पाच डझनांची हापूसची पेटी आम्ही पहिल्या आंब्यापासून शेवटच्यापर्यंत डागीच खातो. चांगला हापूस कसा लागतो हे मला ठाऊक आहे, कारण मी लोकांकडे पाहुणा म्हणून जातो.

मी तैत्तिरीय काढलं. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरूने केलेला उपदेश त्यातल्या शीक्षावल्लीत आहे. कोणाकोणाला देव मानायचं याची तिथे यादीच दिली आहे. आई, मग वडील, मग गुरू, मग अतिथी. अतिथी चौथा! ज्येष्ठता यादीत चौथ्या क्रमांकावर असलेल्याला आपण थेट बढती देऊन वरच्या तिघांच्या डोक्यावर बसवलं होतं. कचेरीत असं झालं असतं तर पहिल्या तिघांनी न्यायाधिकरणात धाव घेतली असती. आमच्याकडे पहिलीने खरवड खाल्ली.

आपल्या संतांनाही मी मनातल्या मनात धारेवर धरलं. एकनाथांना तहानलेल्या गाढवात देव दिसला आणि काशीहून रामेश्वरासाठी आणलेलं गंगेचं पाणी त्यांनी त्याला पाजलं. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यात नामदेवांना तो दिसला, ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. गाढवाला गंगाजल, कुत्र्याला तूप, आणि मला 'गुड'?

"मी आजपासून सोनेरी कपात चहा घेणार," मी जाहीर केलं.

"एखादा फुटला तर?"

"फुटेल. नश्वर आहे."

"तुम्ही नसाल नश्वर, पण सेट मोडेल त्याचं काय? पाहुणे आले तर पाच कपांत देऊ? सहावा माणूस काय ओंजळीत घेईल?"

यावर उपनिषदांत उत्तर नाही. तरी मी हट्टाने शोकेसकडे गेलो. सरकती काच जाम झाली होती. जोर लावला तर ती अर्धा इंच सरकली आणि आतला पितळी हत्ती आडवा झाला. मी हत्ती उभा करण्याच्या खटपटीत असतानाच चहा निवला. शेवटी डाव्या हाताने प्यालो.

पुढच्या गुरुवारी मी सरांपुढे सगळं प्रकरण मांडलं. वहीदेखील दाखवली. सर बराच वेळ हसले आणि मग त्यांनी छांदोग्यातलीच आणखी एक गोष्ट काढली. आत्मा म्हणजे काय ते शिकायला देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन असे दोघे प्रजापतीकडे गेले. प्रजापतीने सांगितलं, छान कपडे करा, दागिने घाला आणि पाण्यात बघा. दोघांनी पाहिलं. पाण्यातलं ते देखणं रूप म्हणजेच आत्मा, असं समजून दोघेही खुशीत निघाले. विरोचन तसाच घरी पोहोचला आणि सगळ्यांना सांगत सुटला. इंद्राला वाटेत शंका आली, तो परत फिरला आणि असं पुन्हा पुन्हा परतत एकूण १०१ वर्षं शिकत राहिला.

"म्हणजे विरोचन सेल्फी काढून निघून गेला," मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"आणि तुमचं," सर माझ्याकडे वळून म्हणाले, "सध्या विरोचनाचं चाललंय. सोनेरी कपातला मी म्हणजे खरा मी."

"मग टवका उडालेल्या कपातला मी खरा का?"

"तोही नव्हे. पण तुम्ही मडकं कच्चं का पक्कं हे सोडून त्याच्यावरच्या नक्षीचं बोलताय." आणि मग अर्थातच तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आली. संत जमले होते. मुक्ताबाईने गोरोबांना विचारलं, तुम्ही कुंभार, यांतली मडकी भाजलेली किती आणि कच्ची किती ते सांगा. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवत निघाले. बाकीचे गप्प बसून राहिले. नामदेव तेवढे कळवळले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं.

घरी येताना मी नामदेवांच्या बाजूने विचार करत होतो. डोक्यावर थापटणं बसल्यावर माणसाने ओरडायचंही नाही म्हणजे काय?

ज्येष्ठ संपत आला आणि वारीचा दिवस उजाडला. आम्ही हडपसरला राहतो. पुण्यातला मुक्काम संपवून ज्ञानोबा आणि तुकोबा अशा दोन्ही पालख्या एकाच दिवशी आमच्या रस्त्यावरून जातात. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या. तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे सरळ जाते आणि ज्ञानोबांची उजवीकडे वळून दिवेघाट चढून सासवडला. सोसायटीच्या फाटकात पहाटेपासून केळी, राजगिऱ्याचे लाडू, पाणी, एका कोपऱ्यात पायांना तेल लावणारे, दुसऱ्यात तुटलेल्या चपला शिवून देणारे. आणि सगळीकडे एकच शब्द. माउली. लाडू देणारा घेणाऱ्याला माउली म्हणतो, घेणारा देणाऱ्याला. टँकरवाला रिव्हर्स घेताना मागच्यांना 'माउली, सरका' म्हणतो. एरवी त्याच जागी तो मला जे म्हणतो ते लिहिता येत नाही. ज्ञानेश्वरांना म्हणायचा शब्द त्या दिवशी ज्याला त्याला वाटला जातो, आणि गोपनीय अहवाल कोणी मागत नाही. माझ्या हातून केळी घेणाऱ्या एका शाळकरी पोराने मला माउली म्हटलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, माझ्यामागे कोण उभं आहे म्हणून.

दहाच्या सुमाराला बायको तीन बायांना वर घेऊन आली. गंगाखेडकडच्या होत्या, जनाबाईच्या गावाच्या. त्यांना संडासला जायचं होतं आणि घटकाभर पाय मोकळे करायचे होते. त्यांतल्या एक आजी पंचाहत्तरीच्या तरी असतील. डोक्यावरचं तुळशीवृंदावन त्यांनी आमच्या टीव्हीच्या टेबलावर ठेवलं, टीव्हीपेक्षा तेच तिथे शोभलं. मग जमिनीवर बसल्या. सोफ्यावर बसा म्हटलं तर म्हणाल्या, "पाय मळलेत माय."

बायको आत गेली. स्वयंपाकघरातून तीन स्टीलचे पेले येतील अशी माझी अटकळ होती. ती हातात पापड लाटायचं लाटणं घेऊन बाहेर आली, शोकेसच्या काचेच्या कडेला तिने लाटण्याने एक ठोका दिला आणि काच सर्रकन सरकली. ३५ वर्षांत तो ठोका तिने मला दाखवला नव्हता.

सोनेरी काठाच्या कपांत चहा आला, आमच्या दोघांचा धरून पाच कप. बशीवर राजगिऱ्याचे लाडू. मी आजींकडे बघत होतो. मला वाटलं, त्या संकोचतील, 'एवढं भारी कशाला' म्हणतील. त्यांनी कपाकडे पाहिलं, "फुलं ग्वाड हायेत" म्हणाल्या, चहा बशीत ओतला, फुंकला आणि भुर्रकन प्याल्या. वाटेत कुठल्या टपरीवर काचेच्या ग्लासातून जशा प्याल्या असतील, तशाच. मागणं नाही आणि 'मला चालेल'ही नाही. दुसऱ्यांदा हवा का विचारल्यावर सरळ कप पुढे केला. "दे की. अजून घाट चढायचाय."

निघायची वेळ झाली. मी रिकामे कप ट्रेमध्ये गोळा करून आत निघालो होतो. एवढ्यात आजी समोर आल्या. "लई केलं माय तुमी. येते, माउली," म्हणाल्या आणि माझ्या पाया पडायला वाकल्या.

वारीत लहान मोठ्याच्या पाया पडतो तसा मोठाही लहानाच्या. हे मला ऐकून ठाऊक होतं. पण पंचाहत्तरीची बाई माझ्या, ब प्लसच्या, पायांशी वाकतेय म्हटल्यावर माझं सगळं उपनिषद गळालं आणि मीही घाईघाईने वाकलो. हातात ट्रे आहे हे ध्यानात राहिलं नाही. आम्ही दोघं एकाच क्षणी, एकाच जागी वाकलो. ठण्ण!

"आई गं!" मी ओरडलो.

आजी नाही ओरडल्या. त्यांनी कपाळ चोळलं आणि हसल्या. कच्चं मडकं कुठलं याचा निकाल तिथेच लागला.

दुसरा आवाज त्याच्या पाठोपाठ आला. ट्रेमधला एक कप फरशीवर पडून फुटला होता. खोलीत शांतता पसरली. मी बायकोच्या तोंडाकडे बघण्याचं टाळून निळ्या फुलाच्या एका तुकड्याकडे बघत राहिलो. आजींबरोबरची एक बाई म्हणाली, "घरावरचं काही असंल, ते कपावर गेलं."

"अहो, जुनाच होता तो," बायको म्हणाली. "नीट जा, पाय सांभाळा. तुकडे टोचतील, मी काढते." आणि ती खाली बसून काचा वेचू लागली. सहावा माणूस ओंजळीत घेईल का असं विचारणारी ती हीच बाई.

दुपारी रस्ता रिकामा झाला. खाली नुसती केळ्यांची सालं आणि द्रोण उरले होते, सफाईला सोसायटीची मुलं उतरली होती. बायको धुतलेले कप घेऊन शोकेससमोर उभी होती. तिने ते मोजले. मग पुन्हा मोजले. आकडा बदलला नाही.

"पाच," ती म्हणाली.

"पाच."

"पाच कोणापुढे ठेवणार?"

"कोणापुढेच नाही."

तिने जरा विचार केला. "मग काय. वापरून टाकू."

आमच्या घरात मोक्षाला 'वापरून टाकू' म्हणतात. कुठलीही वस्तू त्या पदाला पोहोचायला आधी तिच्यात काहीतरी उणं पडावं लागतं. चादरीला जळकं भोक पडलं की ती आमची. साबणाचा वास उडाला की तो आमचा. ३५ वर्षं अखंड असल्याच्या अपराधाबद्दल कैदेत असलेले ते कप त्या दुपारी सुटले. तेही माझ्या तत्त्वज्ञानामुळे नव्हे. दोन डोकी एकमेकांपुढे वाकली आणि आपटली म्हणून.

रात्री बायको झोपल्यावर मी उठलो. 'गुड' कप घेतला आणि बाथरूममध्ये दाढीच्या ब्रशसाठी ठेवला. बिनकानाचा कप तांदळाच्या डब्यात माप म्हणून टाकला आणि वर थोडे तांदूळ सारले. सरांनी सांगितलं होतं की ठरवताना विचारा, ठरवणारा कोण आहे. मी विचारायला विसरलो. डब्याचं झाकण वाजू नये याच नादात होतो.

सकाळी ती ओट्याशी बराच वेळ शोधत होती. "माझा कप कुठे गेला?"

"तांदळात."

"तिथे कशाला?"

"माप म्हणून. दोघांना एक कप पुरतो."

"मग मी चहा कशात पिऊ?" असं म्हणत तिने समोरच मांडलेल्या पाच कपांकडे पाहिलं. 'मला चालेल' म्हणायला आता ओट्यावर दुसरं काही उरलं नव्हतं.

चहाला खास वेगळी चव नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. कप पातळ, म्हणून चहा लवकर निवतो. कान एवढासा, की बोट अडकतं. आणि चहा मावतो तीन घोट, त्यामुळे दोनदा ओतून घ्यावा लागतो. शिवाय मी अजून डाव्या हाताने पितो. कुठेही टवका नाही, तरी हात आपोआप बदलतो. बारा वर्षांची सवय, १०१ वर्षं लागणार नाहीत अशी आशा आहे.

"पुढच्या महिन्यात पुतण्या येतोय," बायको पदराने धरायला गेली आणि मग कान धरत म्हणाली. "नवीन सेट आणावा लागेल."

मी काही बोललो नाही. वही काढली. सरकारी नियमाप्रमाणे वस्तू मोडली की तिचं निर्लेखन करावं लागतं आणि त्यासाठी कारण लिहावं लागतं. अनुक्रमांक एकपुढे मी लिहिलं: कप पाच, दैनंदिन वापरात वर्ग. कप एक, निर्लेखित. कारणाच्या रकान्यात लिहिलं: नमस्कार.

साक्षीदार म्हणून बायकोची सही घेतली. तिने चहा फुंकत फुंकतच ती केली, आणि कपाची एक ओली, गोल खूण सहीशेजारी उमटली.